आईच्या ४२ साड्या : कापाव्यात, द्याव्यात की जपाव्यात?

नारळीकाठ
आईला जाऊन मागच्या महिन्यात वर्ष झाले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर मी आणि वहिनीने मिळून तिचे कपाट उघडले. मोजून ४२ साड्या निघाल्या. त्यांत १६ सुती आहेत आणि या १६ मध्ये आजीची दोन इरकली नऊवारी लुगडीही आहेत, जी आईने कधी नेसली नाहीत, पण कधी कोणाला दिलीही नाहीत. ९ रेशमी आहेत. उरलेल्या १७ सिंथेटिक, म्हणजे लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेल्या.

आम्हा दोघींनाही रोज साडी नेसणे जमत नाही. वहिनीचे म्हणणे असे की, कपाटात कुजण्यापेक्षा त्यांचे कुर्ते, पडदे, उशांचे अभ्रे, जे होईल ते शिवून घ्यावे. मला ते पटते, पण कात्री हातात घेतली की धीर होत नाही. खरा प्रश्न जांभळ्या पैठणीचा आहे. आईच्या लग्नातली, म्हणजे १९७४ सालची. काठ आणि पदर अजून लख्ख आहेत, पण अंगाचे रेशीम घड्यांवर चिरले आहे. उलगडून पाहताना माझ्या हातातच आणखी वीतभर फाटले आणि मी ती तशीच पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवली.

जुन्या कपड्यांतून नवे करण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कोठून करावी. काय कापावे आणि कशाला हात लावू नये?

सुईदोरा
मी ३० वर्षे शिवणकाम करते आणि त्यातले निम्मे काम जुन्या कापडाचेच आहे. सुरुवात कात्रीने करू नका, उजेडाने करा. प्रत्येक साडी खिडकीत धरून पाहा. जिथे कापड विरले आहे तिथे उजेड ठिपक्याठिपक्यांनी आत येतो. नंतर दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून तिरकस ताणा. टिकाऊ कापड ताण घेऊन पूर्ववत होते, थकलेले कापड चरचरते. साडी बहुधा तीन ठिकाणी आधी थकते : टाचेपाशी, जिथे निऱ्या खोचतात तिथे आणि खांद्यावर, जिथे पिन लागते. बाकीचे चार मीटर पुष्कळदा अगदी धडधाकट असतात.

लेबल नसलेल्या साडीचा धागा ओळखायचा असेल, तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. हा मणी ज्या साडीचा झाला, ती साडी अंगावरच्या कपड्यांसाठी किंवा पांघरुणासाठी वापरू नका, कारण ती घाम शोषत नाही.

पैठणीबद्दल सवडीने लिहीन. तोवर ती घडी घालून ठेवू नका. जुन्या सुती साडीची लांब गुंडाळी करून तिच्यावर सैल गुंडाळून ठेवा. चीर घडीवरच पडते.

कृष्णाकाठ
१६ सुती साड्या म्हणजे वाकळींचा खजिना आहे, ताई. त्यांचे कुर्ते शिवू नका, अशी माझी विनंती आहे.

आमच्याकडे वाळव्याला वाकळ म्हणतात, तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील. माझी आजी उन्हाळ्यात, परीक्षा संपल्या की अंगणात वाकळ घालायला घ्यायची. वरचा आणि खालचा थर चांगल्या लुगड्याचा, आणि मध्ये घरातली सगळी चिरगुटे : धोतराचे धडके तुकडे, विरलेली परकरे, मुलांची झबली. आतले तुकडे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे गाठोडे होऊन पाठीला रुतते. कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचे. शेजारच्या तिघी-चौघी चार कोपऱ्यांवर बसायच्या. टाका तांदळाएवढा असावा, असा आजीचा आग्रह असे, आणि कोणाचा टाका लांब गेला की ती काही न बोलता तेवढा दोरा उसवून ठेवायची.

आणखी एक गोष्ट आता कोणी करत नाही. लुगडे मध्ये विरले की आजी ते मधोमध फाडून विरलेला भाग काढून टाकायची आणि दोन धडकी टोके मध्ये जोडायची. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी दोन वर्षे जायचे, पुढे त्याचे धडपे, म्हणजे अर्धे लुगडे व्हायचे, मग दुपटी, मग वाकळीचे अस्तर आणि शेवटी चुलीवरून भांडी उतरवायचे फडके. लुगडे घेतल्यापासून ते संपेपर्यंत पंधरा वर्षे घरातच असायचे. या सगळ्याला तेव्हा वेगळे नाव नव्हते, इतके ते रोजचे होते.

गिरणगाव
कृष्णाकाठ यांचे लिहिणे वाचून वडील आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दिवसभर कापड विणणाऱ्या माणसाकडे कामावर जायचे शर्ट मात्र चारच होते. कॉलर घडीवर झिजली की आई ती अलगद उसवायची, उलटी करून खालची बाजू वर आणायची आणि पुन्हा शिवायची. शर्ट पुढे दीड-दोन वर्षे नवा दिसायचा. आमच्या चाळीखालचा शिंपी हे काम आठ आण्यांत करायचा, पण १९८२ चा संप सुरू झाल्यावर तेवढेही वाचवायचे होते, म्हणून आईने स्वतः शिकून घेतले.

मी आजही स्वतःच्या शर्टांच्या कॉलरी उलटवतो. अट एकच आहे, कॉलरीच्या आत चिकटवलेले कॅनव्हास, म्हणजे ती ताठ ठेवणारे कापड, नसावे. हल्लीच्या तयार शर्टांत ते गरम इस्त्रीने चिकटवलेले असते. उसवले की फुगे येतात आणि कॉलर पुन्हा बसत नाही. दुरुस्ती शक्य आहे की नाही, हे कपडा शिवतानाच ठरून गेलेले असते, हे मला त्या कॉलरींनी शिकवले.

अबोली_२
कॉलर उलटवणे हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला. माझे काका स्वेटरही उसवून त्याच लोकरीचा मोठ्या मापाचा विणून घ्यायचे.

सडेतोड
थोडे वेगळे मत मांडतो. जुन्या साड्यांचे गाऊन, जॅकेट, पिशव्या करून त्याला पर्यावरणस्नेही फॅशन म्हणण्याची जी लाट आली आहे, तिच्याकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे. साडेपाच मीटरच्या साडीचा गाऊन होतो, तेव्हा कापणीत बरेच कापड चिंध्या होऊन जाते. शिवाय त्याला नवे अस्तर लागते, आणि ते बहुतेक वेळा पॉलिस्टरचे असते. चेन, बटणे, कॅनव्हास, सगळे नवे. म्हणजे एक शुद्ध सुती वस्तू मोडून आपण एक मिश्र वस्तू तयार केली, जी पुढे ना कुजते, ना तिचा धागा पुन्हा निघतो.

एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. ते पाणी वाचते कधी? जुन्या कपड्यामुळे नव्या कपड्याची खरेदी टळते तेव्हा. जुन्या साडीचा ड्रेस शिवून घेतला आणि दिवाळीला नेहमीचे तीन ड्रेस विकतही घेतले, तर कपाटात चौथा आला, एवढेच झाले. म्हणून माझे सांगणे असे की, साडी साडी म्हणूनच नेसावी, आपल्याला जमत नसेल तर नेसणाऱ्या व्यक्तीला द्यावी, आणि ती थकली की मगच कात्री लावावी.

तुरपाई
सडेतोड, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. माझी मुलगी २२ वर्षांची आहे. माझ्या साड्या ती वर्षातून एकदा नेसते. त्याच साडीचा कुर्ता ती आठवड्यातून दोनदा घालते. जांभळ्या फुलांच्या वायल साडीचे मी तिला दोन कुर्ते शिवले, त्याला तीन वर्षे झाली आणि त्या तीन वर्षांत तिने कॉलेजसाठी विकतचा कुर्ता घेतलेला नाही. अस्तर म्हणून दुसरी विरलेली सुती साडीच लावली. बटणे जुन्या शर्टांची. बाजूला दीड-दीड इंच मार्जिन ठेवले आहे, म्हणजे अंग भरले तरी उसवून सैल करता येईल. कपड्याचे रूप बदलल्याने तो जास्त वापरला जात असेल, तर कात्री लावणे हाही जपण्याचाच प्रकार आहे.

कात्री कोणाच्या हातात देता, हे मात्र पाहा. मी माझ्या सासूबाईंची नारायणपेठ एका बुटिकला अनारकली शिवायला दिली होती. पदर पाठीवर येईल, असे तोंडी ठरले होते. त्यांनी पदर आडवा कापून बाह्यांना लावला आणि मधला सर्वांत सुंदर हातभर तुकडा कचऱ्यात गेला. मी मागितला तेव्हा तो मिळाला नाही. त्या दिवसापासून मी कापड देताना कागदावर आकृती काढते, पदर कुठे आणि काठ कुठे ते लिहिते आणि उरलेला एकूण एक तुकडा परत हवा, असे आधी सांगते. जुन्या कापडाचा नवा तागा बाजारात मिळत नसतो.

हल्याळकर
गोधडीचा विषय निघाला आहे म्हणून सीमेपलीकडचे सांगतो. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ आणि यल्लापूर भागात सिद्दी समाजाची गावे आहेत. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आणले गेले होते. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. शिवण कडेकडून मध्याकडे जाते, कृष्णाकाठ यांच्या आजीच्या वाकळीसारखीच. तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवता शिवता एकेक तुकडा ठेवत आणि त्याची कड आत दुमडत पुढे जातात.

शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फुले म्हणतात. फुले नसलेली कवंदी उघडी समजली जाते. मी एका आजींना विचारले होते की, फुलांचा उपयोग काय. त्या म्हणाल्या, "पोराला टोपी घातल्याशिवाय बाहेर नेतोस का?"

यमुनातीर
दिल्लीत राहतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. लहानपणी पुण्यात आमच्या दारी बोहारीण यायची. आई तिच्याशी स्टीलच्या पातेल्यावरून तासभर घासाघीस करायची. ते कपडे पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याचे उत्तर इथे मिळाले. पश्चिम दिल्लीत रघुबीरनगरला पहाटे जुन्या कपड्यांचा बाजार भरतो, त्याला घोडा मंडी म्हणतात. भांड्यांच्या बदल्यात घरोघरचे कपडे गोळा करणारी वाघरी समाजाची कुटुंबे तिथे माल आणतात. घेणारे ते धुतात, रफू करतात, बटणे लावतात, रंग उडाला असेल तर रंगवतात, इस्त्री करतात आणि आठवडी बाजारात विकतात. आपण ज्याला नवी फॅशन म्हणतो, ते काम या बायका पिढ्यानपिढ्या डोक्यावर बोचके घेऊन करत आल्या आहेत, आणि त्यात त्यांना मिळते ते अगदी थोडे.

येथून उत्तरेला पानिपत आहे. परदेशातले जुने लोकरी कपडे तिथे येतात. ते पुन्हा कपडे म्हणून विकता येऊ नयेत, म्हणून त्यांना आधी चिरा देतात. मग बायका बटणे, चेन, अस्तर काढून रंगांप्रमाणे ढीग लावतात. लालात लाल, निळ्यात निळा. त्यामुळे पिंजून धागा काढल्यावर पुन्हा रंगवावे लागत नाही. भूकंपात, पुरात वाटली जाणारी करडी, खरखरीत घोंगडी पुष्कळदा त्याच धाग्याची असतात. अलीकडे मऊ पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी त्या धंद्याचा बराच भाग खाल्ला आहे.

शिरोळकर
वाटण्याचा विषय आला, म्हणून एक मनापासून विनंती. २०१९ च्या महापुरात आमच्या गावी मदत म्हणून कपड्यांचे टेम्पो आले. देणाऱ्यांची भावना चांगलीच होती, पण त्या ढिगांत फाटक्या चोळ्या, डाग पडलेले परकर, एका पायाचे मोजे आणि पार्टीचे गाऊन होते. ज्यांचे घर चिखलाने भरले आहे, त्यांनी ते निवडत बसायचे का? बराचसा ढीग रस्त्याकडेला भिजत राहिला आणि शेवटी तो उचलायचे कामही गावालाच करावे लागले. जे आपण आपल्या बहिणीच्या हातात देणार नाही, ते मदत म्हणून पाठवू नये.

याउलट काम पाहायचे असेल, तर गूंज या संस्थेचे पाहावे. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली आणि त्यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे कपडे निवडले जातात, गावकरी विहीर, रस्ता, बांध अशी गावाची कामे करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून कपडे दिले जातात. नेसण्यासारख्या नसलेल्या सुती कापडाचे धुऊन, निवडून सॅनिटरी पॅड केले जातात.

ओसाकावासी
इथे जपानमध्ये राहून साडीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. किमोनो हा सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंदीच्या एका लांब पट्ट्यातून शिवतात, आणि सगळ्या शिवणी सरळ असतात. पूर्वी तो धुण्यासाठी पूर्ण उसवत, तुकडे पुन्हा पट्ट्यासारखे जोडून धूत, ताणून वाळवत आणि परत शिवत. शिवताना झिजलेली बाजू आत घेत. आईचा किमोनो मुलीच्या मापाचा होई. गोलाई कापलेली नसल्यामुळे कापड कधी वाया जात नसे.

साडी तर त्याच्याही पुढची आहे, तिला शिवणच नाही. म्हणून नारळीकाठ यांना सुचवावेसे वाटते की, शिवायचेच असेल तर सरळ रेषांचे कपडे शिवा : सैल कुर्ता, परकर, जॅकेटसारखा सरळ झगा. पुढच्या पिढीला ते उसवून पुन्हा कापड मिळेल.

नारळीकाठ
सर्वांचे उत्तर दोन-दोनदा वाचले. वहिनीलाही वाचून दाखवले. उजेडात धरून पाहण्याचे काम रविवारी केले. सुतीतल्या पाच साड्या पूर्ण धडधाकट निघाल्या.

एक शंका राहिली. माझ्या मावशीचे म्हणणे आहे की, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाकावेत. शिवून वापरणे तर दूरच.

कृष्णाकाठ
आमच्याकडे नव्या बाळाची पहिली दुपटी आजी-पणजीच्या लुगड्याचीच असतात, मग ती हयात असो वा नसो. बाळाला नवे कापड बोचते, म्हणून जुने, आणि जुने घरातलेच. मावशींना हे सांगून पाहा.

सुईदोरा
आता पैठणी. आपली पैठणी हातमागाची असेल, तर पदरावरचे मोर, असावली (फुलवेल) हे वेगळे धागे गुंतवून विणलेले असतात, मागे लोंबते धागे नसतात. त्यामुळे पदर अंगापेक्षा घट्ट असतो आणि अंग गेले तरी तो टिकतो. म्हणून ती उशांच्या अभ्ऱ्यांसाठी कापू नका. दोन मार्ग आहेत. एक, अंग काढून काठ आणि पदर नव्या साध्या रेशमी साडीवर हाताने चढवणे. हे काम करणारे कारागीर आहेत, पण त्यांनी पूर्वी केलेले असे काम पाहिल्याशिवाय कोणाला साडी देऊ नका. दोन, चिरलेल्या अंगाला मागून तलम मलमल लावून बारीक हातशिलाईने धरणे, म्हणजे ती पाच-दहा वर्षांतून एकदा खांद्यावर घेता येईल. मशीन लावू नका. मशीनची सुई थकलेल्या रेशमाला ओळीने भोके पाडते आणि ते त्याच ओळीवर फाटते. गोंद तर मुळीच नको.

दारावर जुन्या जरीच्या साड्या घेणारे येतात, त्यांच्यापासून सावध राहा. खरी जर चांदीच्या तारेची असते आणि ते ती साडी जाळून चांदी काढतात. पैशांसाठी द्यायचीच असेल, तर निदान तिचे काय होणार, हे माहीत असू द्या.

सडेतोड
तुरपाई यांच्या मुलीचे उदाहरण मला पटले. कपडा किती वेळा अंगावर येतो, हाच हिशेब खरा, हे मान्य. पॉलिस्टर अस्तराबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

नारळीकाठ
चार महिन्यांनी धागा वर काढते आहे, कारण ज्यांनी इतके मनापासून लिहिले, त्यांना काय झाले ते कळवायला हवे.

पाच धडधाकट सुती साड्यांपैकी तीन मी नेसू लागले आहे. शुक्रवारी ऑफिसला नेसते. पहिल्या दिवशी निऱ्यांना २० मिनिटे लागली, आता सहा लागतात. दोन वहिनीने घेतल्या आणि एकीचे सरळ रेषांचे दोन कुर्ते शिवले, अस्तर सुतीच लावले. रेशमीतल्या सहा मावशी आणि मामेबहिणींना दिल्या, त्यांनी त्या माझ्यासमोर नेसून पाहिल्या. दोन ठेवल्या. पैठणीला सुईदोरा यांनी सांगितल्याप्रमाणे मागून मलमल लावायला घेतली आहे. रोज रात्री अर्धा तास, आणि आतापर्यंत हातभर काम झाले आहे. नव्या साडीवर काठ चढवण्याचा विचार सोडला, कारण अंगाचा तो जांभळा रंग मला हवा आहे.

आजीची दोन लुगडी आणि आईच्या नऊ विरलेल्या साड्या मिळून दोन वाकळी झाल्या. आमच्या कामवाल्या मावशी मूळच्या बार्शीच्या. त्यांनी शिकवले आणि मी योग्य मजुरी देऊन त्यांच्यासोबत बसले. वरच्या बाजूला लावलेल्या साडीवर हळदीचा एक जुना डाग होता, तळहाताएवढा, आईच्या हाताचाच असणार. मावशी म्हणाल्या, यावर ठिगळ लावू. मी नको म्हटले. त्यांनी डागाच्या कडेने धावदोरा फिरवला आणि पुढे गेल्या.

१७ सिंथेटिक साड्या अजून कपाटातच आहेत. त्यांचे काय करावे?

गिरणगाव
त्यांतल्या नेसण्यासारख्या आधी बाजूला काढा, त्या दिल्या जातील. उरलेल्यांच्या लांब पट्ट्या फाडून तीन पदरी वेणी घाला आणि ती गोल गुंडाळत शिवा, पायपुसणी होतात. पाण्याने कुजत नाहीत आणि लवकर वाळतात. माझ्या आईने केलेले एक मोरीपाशी अजून आहे.

तुरपाई
किंवा भाजीच्या पिशव्या. दुहेरी शिवण घाला, दहा किलो कांदे पेलतात. मी उद्या माप टाकते.